बर्गनमधले बोंबील

ठाण्याला आमच्या घरी सुके बोंबील भाजायचे म्हणजे मोहीमच असते. आधी बाहेरच्या दाराखाली पायपुसणं सारायचं, हॉलच्या खिडक्या लावायच्या, स्वयंपाकघराची उघडायची, एक्झॉस्ट सुरू करायचा आणि मग तवा ठेवायचा. एवढं करूनही मागच्या वर्षी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कुणीतरी विचारलंच, "ड्रेनेजचा वास येतोय का कुणाला?" मी काही उत्तर दिलं नाही. बोंबील मात्र भाकरीबरोबर चवीने संपवले.

त्यामुळे नोव्हेंबरात लेकीकडे नॉर्वेला, बर्गनला निघाले तेव्हा बॅगेत घरचा मसाला, कोकमं, सुकं खोबरं, तांदळाचं पीठ, मेतकूट सगळं भरलं, पण बोंबलाची पुडी दोनदा बॅगेत घातली आणि दोनदा काढली. सोसायटीला तोंड द्यायची सवय आहे, विमानतळावरच्या कुत्र्याला कोण देणार?

लेक तिथे पीएच.डी. करते. सान्डविकेन नावाच्या भागात डोंगराच्या उतारावर एक पांढरं लाकडी घर आहे, त्याच्या तळमजल्यावर, म्हणजे जवळजवळ घराच्या पोटातच, तिची दोन खोल्यांची जागा. वर घरमालकीण राहते. सत्तरी कधीच ओलांडलेली, पण ढांगा टाकत चढ चढणारी. लेक तिला खुशाल नावाने हाक मारते. तिथे सगळेच तसं करतात म्हणे. माझी जीभ काही वळेना, म्हणून मी तिला मावशी म्हणायला लागले. अर्थ कळल्यावर तिला ते इतकं आवडलं, की पुढे ती दारावर टकटक करून आतून "कोण?" विचारलं की "माव्शी" म्हणायची.

पाऊस होताच. बर्गनचा पाऊस प्रसिद्ध आहे, वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर. आमच्या दापोलीकडे याहून जास्त पडतो, पण तो चार महिन्यांत काय तो दणका देऊन मोकळा होतो. हा वर्षभर हप्त्याहप्त्याने पडतो. त्यात नोव्हेंबरात दुपारी चारच्या सुमाराला अंधार. पहिल्या दिवशी चार वाजता मी देवापुढे लावायला दिवा शोधत होते.

दुसऱ्या दिवशी लेक मला मासळीबाजारात घेऊन गेली. माझं बालपण हर्णैचं. संध्याकाळी होड्या लागल्या की वाळूतच लिलाव, समोर सुवर्णदुर्ग, पायाखाली चिखल, कानांत बोलीचा गलका. त्यामुळे ज्या गावात तेराव्या शतकापासून मासळीबाजार भरतोय त्याच्याबद्दल माझ्या भलत्याच अपेक्षा होत्या. उन्हाळ्यात म्हणे उघड्यावर तंबू लागतात. थंडीत सगळं काचेच्या इमारतीत. आत गेले तर चकाचक. बर्फावर सॅमनच्या केशरी लाद्या, टाकीत लांब तंगड्यांचे किंग क्रॅब, देवमाशाचं काळपट मांससुद्धा. (ते पाहून मी पुढे सरकले. सगळंच खाऊन पाहायला पाहिजे असं नाही.) विकणारा तरुण स्पॅनिश निघाला आणि आम्हाला चव बघायला सॅमनचा तुकडा काडीला टोचून दिला.

मासा चांगला होता. पण माझी पंचाईत वेगळीच झाली. मासा घेताना मी कल्ले उघडून बघते, लाल आहेत का. डोळा बघते. पोटाला बोट लावून बघते. इथे बहुतेक माशांना डोकंच नाही! सगळे सोललेले, कापलेले, काटे काढलेले. आमच्या आजीने असा मासा बघितला असता तर म्हणाली असती, "ह्याचं तोंड का लपवलंय?"

तिथून जवळच एका हॉटेलात बर्गनचं प्रसिद्ध सूप घेतलं, फिस्केसुप्पे. माझ्यापुढे पांढराशुभ्र वाडगा आला. आत गाजराचे आणि कंदांचे बारीक तुकडे, लीक नावाची जाड कांद्यासारखी पात, गोटीएवढे माशाचे गोळे. हे सूप करायचं ते सेई नावाच्या माशाच्या पिल्लांच्या पाण्यात, ही खरी रीत. त्याला दाटपणा आणायला रोम्मे, म्हणजे घट्ट आंबट साय, आणि अंड्याचा पिवळा बलक. शेवटी थोडं व्हिनेगर नि थोडी साखर.

चमचा तोंडाशी नेला आणि हात थांबला. मासा आणि दूध!

आमच्या घरात माशाच्या बाबतीत फार नियम नव्हते. सोमवार पाळायचा, श्रावण पाळायचा, बस्स. पण एक नियम मात्र कडक होता. मासे खाल्ले त्या दिवशी दूध नाही. दही नाही. रात्री झोपताना हळदीचं दूधसुद्धा नाही. "अंगावर कोड फुटेल," आजी म्हणायची. आयुर्वेदातला विरुद्ध आहार तो, चरकसंहितेतही सांगितलेला. माशाने नि दुधाने कोड येत नाही हे डॉक्टर कधीपासून सांगताहेत, मलाही ते पटतं. पण डोक्याला पटलेलं हाताला पटायला वेळ लागतो. नारळाच्या दुधात मी जन्मभर मासे शिजवले. गाईच्या दुधात मासा बघून मात्र आजी खांद्यावरून डोकावतेय असं वाटलं.

खाल्लं शेवटी. तिथल्या किमती बघता टाकून उठणं हा आजीच्या लेखी त्याहून मोठा गुन्हा ठरला असता. आणि चव? आंबटगोड. ताकाच्या कढीला कुणीतरी माशाचं पाणी घातलंय अशी. पहिले चार चमचे मी तिखट शोधत होते. मग शोधायचं सोडून दिलं, तेव्हा कुठे मासा लागायला लागला.

पण त्या दिवशी मनात घर केलं ते दुसऱ्याच गोष्टीने. बाहेर पडताना एका कोपऱ्यात मला लाकडं टांगलेली दिसली. पिवळट, सुरकुतलेली, हातभर लांब. जवळ गेले आणि नाकाने आधी ओळखलं. डोळ्यांनी मागाहून. सुका मासा! अख्खा कॉड, डोकं उडवून वाळवलेला. तोर्फिस्क. मी तो हातात घेतला तर वजन असं काहीच नाही, आणि बोटाने वाजवला तर फळीसारखा टकटक वाजला. वास मात्र आपला. अगदी आपला. हर्णैच्या घराच्या माळ्यावरचा. लेक म्हणाली, "आई, लोक बघताहेत, हुंगू नकोस." पण कोणीही बघत नव्हतं. कोणी पायपुसणं दाराखाली सारत नव्हतं.

करवतीने कापलेला एक तुकडा विकत घेतला. किंमत सांगत नाही. रुपयांत गुणायची सवय लेकीने पहिल्याच दिवशी मोडून काढली होती.

मावशीला तुकडा दाखवला तेव्हा तिने आधी तो नाकाशी धरला, मग खिडकीच्या उजेडात, मग मान हलवली. घ्यायच्या लायकीचा आहे, असा त्याचा अर्थ. ती मूळची लोफोटेनची, उत्तरेकडच्या बेटांवरची. लग्न करून बर्गनला आली. म्हणाली, आजपासून सहा दिवस पाण्यात. रोज पाणी बदल. गार जागी ठेव. माझ्या फ्रिजमध्ये नको.

मग निळी बादली दाराबाहेर वळचणीखाली ठेवली. गार जागेची तिथे काय कमी? वर झाकण, झाकणावर धोंडा, कारण तिथले सीगल आपल्या कावळ्यांना दोन धडे देतील असे. आणि माझा मुक्काम त्या बादलीभोवती फिरायला लागला. सकाळी उठले की पाणी बदलायचं, हात लावून बघायचं, मग फिरायला बाहेर.

घरापासून उतरून गेलं की समुद्राच्या कडेला मासेमारीचं संग्रहालय आहे, पाण्यावर ओणवलेल्या जुन्या लाकडी वखारींमध्ये. मावशी माझ्याबरोबर आली. तिथे वाळवणाच्या मांडवांची चित्रं बघताना मी थबकले. फेब्रुवारी ते मे लोफोटेनच्या किनाऱ्यावर लाकडी मांडव उभे करतात आणि त्यावर कॉड टांगतात. मीठ लावत नाहीत, चिमूटभरसुद्धा नाही. थंडी शून्याच्या आसपास, त्यामुळे माशा नाहीत, कुजणं नाही. नुसता वारा काम करतो. आणि टांगायची पद्धत? दोन-दोन मासे शेपटीशी दोरीने बांधायचे आणि जोडी दांडीवर टाकायची.

मी मावशीला मोबाइलवर अर्नाळ्याचा फोटो काढून दाखवला. बांबूच्या वलांडीवर बोंबील. तेही जोडीनेच. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि दांडीवर टाकायचे. दोरीचीसुद्धा गरज नाही, दात इतके बाकदार. मावशीने चष्मा कपाळावर नेऊन फोटो मोठा केला, पुन्हा मोठा केला, आणि म्हणाली, "यांचे दातच दोरी आहेत!" मग तिने विचारलं, किती दिवस लागतात. म्हटलं, ऊन चांगलं असेल तर तीन-चार. ती हसली. त्यांना तीन महिने.

तिथेच तिने तिच्या लहानपणचं सांगितलं. हिवाळ्यात कॉडच्या होड्या आल्या की शाळा सुटल्यावर मुलं धक्क्यावर पळत. मोठी माणसं माशांची डोकी बाजूला टाकत आणि मुलं त्या डोक्यांतून जिभा कापत. उभ्या खिळ्यावर डोकं खुपसायचं, सुरी एकदाच फिरवायची, जीभ बादलीत. जिभांचे पैसे मुलांचे. त्यात घरच्यांनी हात घालायचा नाही. उत्तरेत अजूनही मुलं ते काम करतात. नऊ वर्षांची असताना तिने त्या पैशांतून सायकल घेतली होती. मी तिला सांगितलं, आम्ही लिलावात पाटीतून सांडलेली कोळंबी वेचायचो. पण सायकल नाही आली त्यातून कधी, खोबऱ्याच्या वड्या आल्या फार तर.

एक गोष्ट मात्र मला कळेना. ज्या गावात पावसाला खळ नाही तिथे मासा वाळणार कसा? मावशी म्हणाली, बर्गनने कधी वाळवलाच नाही. बर्गनने विकला. उत्तरेकडून होड्या भरून सुका मासा यायचा, त्या होड्या परत जाताना धान्य घेऊन जायच्या, कारण उत्तरेत धान्य फारसं पिकत नाही. १२९४ साली राजाने परदेशी व्यापाऱ्यांना बर्गनच्या उत्तरेला जायची बंदी केली, म्हणजे मासा हवा तर बर्गनलाच या. आले. चौदाव्या शतकात, १३६०च्या सुमाराला, हान्सा नावाच्या व्यापारी संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांनी इथे आपली पेढी थाटली आणि ती १७५४पर्यंत चालली. बंदराच्या कडेला तांबड्या-पिवळ्या लाकडी वखारींची जी रांग सगळ्या फोटोंत दिसते, ब्रिग्गेन, ती त्यांची. १७०२च्या मोठ्या आगीनंतर पुन्हा बांधलेली, १९७९पासून जागतिक वारसा.

मी तिथे दुसऱ्या दिवशी एकटीच गेले. वखारींच्या मधल्या अरुंद बोळांतून लाकडी फळ्यांवरून चालताना पावसाचा आवाज वेगळाच येतो. मागच्या चौकात लाकडाचा भलामोठा कॉड ठेवलाय. सगळं लाकडाचं, म्हणून वखारींत विस्तव पेटवायला बंदी होती. कडाक्याच्या थंडीतही. जेवण शिजवायला आणि अंग शेकायला वेगळ्या इमारती होत्या, श्योत्स्तुएने म्हणतात त्यांना. त्या अजून बघता येतात. तिथे बसून मी विचार करत होते, बाकीचा सगळा वेळ पेढीवरची पोरं सुक्या माशांच्या थप्प्यांमध्ये कुडकुडत बसत असतील. आणि मग त्या पेढीचं बोधचिन्ह पाहिलं. एका बाजूला सम्राटाचा अर्धा गरुड. दुसऱ्या बाजूला सुका कॉड. आणि कॉडच्या डोक्यावर मुकुट.

मी ते चिन्ह बराच वेळ बघत उभी राहिले. फोटो काढला. सोसायटीच्या गटावर टाकावा असं फार मनात आलं, पण टाकला नाही. नवऱ्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "बोंबलाला पण करून घेऊ."

मधल्या दिवसांत खाणं चालूच होतं. फिस्केकाके, म्हणजे माशाच्या वड्या, हा तिथला वडापाव म्हणायला हरकत नाही. दुकानातून गरम वडी कागदात घ्यायची आणि चालता चालता खायची. बर्गनमधलं स्योस्त्रेने हागेलिन हे त्यासाठी नावाजलेलं दुकान, १९२९पासूनचं. पहिला घास घेतला आणि जीभ चक्रावली. जायफळ! आमच्या घरी जायफळ उगाळतात ते श्रीखंडात, बासुंदीत, फार तर पुरणात. माशात? पण बसतं ते. वडी वरून तांबूस, आतून पांढरी आणि दाबली की परत वर येणारी. ही उसळी कुठून येते ते मावशीने मला करूनच दाखवलं. हिसे नावाच्या माशाचे काटे काढून तो आधी नुसत्या मिठाबरोबर वाटायचा. बाकी काही नाही. मिठाने मासा चिकट होतो, चमच्याला लोंबायला लागतो. तसा झाला की मगच गार दूध, थोडं थोडं, आणि बटाट्याचं पीठ. सगळं एकदम घातलं तर वडी भुसभुशीत होते. मी पहिल्या खेपेला घाई केली आणि ती तशीच झाली. मावशी काही बोलली नाही, पण माझ्या वड्या तिने वेगळ्या ताटलीत ठेवल्या.

प्लुक्कफिस्क हा तिचा दुसरा धडा. उरलेल्या माशाचं आणि बटाट्याचं हे घरगुती जेवण, हॉटेलात मिळतं पण घरचंच खरं. मिठाच्या पाण्याला उकळी आणली, शेगडी बंद केली आणि मग त्यात कॉडचे तुकडे सोडून वर झाकण. मी विचारलं, शिजणार कसा? ती म्हणाली, मासा शिजवायचा नसतो, त्याला गरम पाण्यात बसू द्यायचं. दहा मिनिटांनी झाकण काढलं तर मासा पाकळ्या पाकळ्या सुटलेला. कमळासारखा. आपण रस्सा रटरटतोय त्यात मासा टाकतो आणि वर अजून दोन उकळ्या देतो. माझ्या चाळीस वर्षांच्या कालवणांचा त्या क्षणी मला जरा संशय आला. मग लोणी, मैदा आणि दुधाचा पांढरा रस्सा, त्यात उकडलेले बटाटे ठेचून, माशाच्या पाकळ्या हलक्या हाताने, पांढरी मिरी आणि पुन्हा जायफळ. वर पातीची हिरवी पखरण. सोबत फ्लातब्रो, पापडासारखी पातळ, कडक भाकरी. ताटात सगळं पांढरं. मी हळूच पर्समधली मसाल्याची डबी काढली. लेकीने टेबलाखालून पाय मारला. डबी परत ठेवली.

जेवण झालं की तिथे रांधणाऱ्याला "ताक्क फॉर मातेन" म्हणायचं असतं. अन्नाबद्दल आभार. पाहुण्यानेच नाही, घरच्या पोरांनीसुद्धा, रोज. (आभाराला ते ताक म्हणतात. दुकानात जाईल तिथे ताक, ताक. आठ दिवस मला तहान लागत होती.) मी मावशीला सांगितलं, आमच्याकडे पंगतीत "अन्नदाता सुखी भव" म्हणतात. तिने ते वहीत लिहून घेतलं, रोमन लिपीत, आणि चुकीचं.

चौथ्या दिवशी बादलीचं झाकण उघडलं तर लाकडाचा मासा झाला होता. फुगलेला, पांढरा, बोटाने दबणारा. आणि वास! वळचणीखालून थेट वर मावशीच्या खिडकीत जाणारा. मी झटकन झाकण लावलं आणि बादली भिंतीच्या आड सरकवली. ठाण्याचा हात तो, आपोआप चालतो. वरून खिडकी उघडली. आता ऐकावं लागणार, म्हणून मी तयार झाले. मावशी म्हणाली, "आता बरोबर वास येतोय. अजून दोन दिवस."

त्याच संध्याकाळी तिने पेर्सेतोर्स्क आणला, दाबलेला कॉड. ही खास बर्गनची चीज. माशाला मीठ-साखर चोळायची आणि रात्रभर वजनाखाली ठेवायचं. पाणी निघून जातं, मांस घट्ट आणि जरा काचेसारखं होतं. ती हे सांगत होती आणि मी मनात म्हणत होते, बाई, हे तू मला सांगतेस? ओला बोंबील तळायचा तर आधी चिरून पसरायचा आणि वर पाटा ठेवायचा, पाणी निघेपर्यंत. नाहीतर तव्यात त्याचं पिठलं होतं. माझ्या सासूबाई पाट्यावर वरवंटाही ठेवायच्या. मावशीला हे सांगितल्यावर तिचा पुढचा प्रश्न अगदी कामाचा होता, "किती किलोचा दगड?" जगातल्या समुद्रकाठच्या बायका एकमेकींना असलेच प्रश्न विचारत असतील.

आता लुटेफिस्क. याबद्दल मी आधी इतकं ऐकलं होतं की खाल्ल्याशिवाय परतायचं नाही हे ठरवलं होतं. ऑक्टोबरपासून नाताळापर्यंत त्याचा हंगाम. करायची रीत ऐकून मात्र विश्वास बसत नाही. तोच सुका मासा आठवडाभर पाण्यात भिजवायचा, मग दोन दिवस खाराच्या पाण्यात. पूर्वी बर्च झाडाच्या राखेचं पाणी घेत, आता कॉस्टिक सोडा. म्हणजे ज्याने मोरी साफ करतात तो. मग पुन्हा कितीतरी दिवस स्वच्छ पाण्यात, खार निघून जाईस्तोवर. राखेचं पाणी ऐकून मला पापडखार आठवला. खार तर आपणही खातो, फक्त चिमटीत. चांदीच्या भांड्यात हा मासा ठेवत नाहीत, चांदी काळी पडते. हे वाढपी मुलीने हसत हसत सांगितलं, ताट समोर ठेवतानाच.

ताटात एक थरथरणारी गोष्ट होती. अर्धपारदर्शक. चाळण लावलेल्या उजेडासारखी. शेजारी वाटाण्याचं घट्ट वाटण, उकडलेले बटाटे, डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे आणि त्यांचं गरम तूप, मोहरी. शेजारच्या टेबलावर चार म्हातारे अशा आनंदाने जेवत होते की मला आमच्याकडच्या हुरडा पार्टीची आठवण झाली. लेकीने एक घास घेऊन बटाट्याकडे मोर्चा वळवला. मी मात्र घास तोंडात ठेवला आणि डोळे मिटले.

ओला बोंबील! तीच लिबलिब, तेच जिभेवर विरघळणं, दातांना काही काम नाही. चव अगदी मंद, मागे साबणासारखं किंचित काहीतरी. पण त्या तुपाबरोबर आणि मोहरीबरोबर खाल्लं की ते जातं. मला हसू आवरेना. आपण जेलीसारखा मासा धरतो आणि वाळवून लाकूड करतो. हे लोक वाळवून लाकूड करतात आणि मग खटाटोप करून त्याला पुन्हा जेली करतात. लेकीला म्हटलं, यांना थेट बोंबीलच पाठवू या, एवढे कष्ट तरी वाचतील. आवडला का? खरं सांगायचं तर एका वेळेपुरता. मागून घेतला नाही. पण ताट साफ केलं.

सहाव्या दिवशी बादली आत आणली. मी ठरवलंच होतं, हा मासा माझ्या पद्धतीने होणार. कांदा, सुकं खोबरं भाजून वाटलं, लसूण ठेचली, घरचा मसाला दोन चमचे, बटाट्याच्या फोडी, कोकमं. वांगं मिळालं पण ते इतकं मोठं आणि गुळगुळीत होतं की नको वाटलं. काटे काढताना मासा हाताला चिकटत होता, खळीसारखा. फोडणीत लसूण पडली, पाठोपाठ मासा पडला आणि घरभर तो वास सुटला. त्या तळघरवजा जागेत मी सवयीने दाराकडे गेले, खाली सारायला पायपुसणं शोधायला.

दारावर टकटक झाली. कोण विचारायच्या आधीच, "माव्शी!"

ती आत आली ती थेट शेगडीपाशी. पातेल्यात वाकून बघितलं. लालभडक रस्सा, वर तेलाचा तवंग. तिने आयुष्यभर हा मासा पांढराच पाहिला असणार. लोफोटेनमध्ये पांढरा, बर्गनमध्ये पांढरा. काही न बोलता तिने खुर्ची ओढली. भात वाढला, कालवण वाढलं. पहिल्या घासाला तिचे डोळे भरून आले, नाक लाल झालं. लेकीने पाणी पुढे केलं. तिने हातानेच नको म्हटलं, दुसरा घास घेतला, माशाचा तुकडा जिभेवर फिरवून बघितला आणि म्हणाली, "मासा लागतोय. एवढ्या सगळ्यातूनही लागतोय."

कल्ले न बघता घेतलेल्या माशाला याहून चांगली दाद मला कुणी दिली नाही.

मग ती उठली, "एक मिनिट" म्हणून जिना चढून वर गेली आणि हातात रोम्मेचा डबा घेऊन खाली आली. मी बघतच राहिले. तिने मोठा चमचा भरून ती पांढरी साय माझ्या लाल कालवणात सोडली आणि ढवळली. रंग केशरी झाला. तिने चव घेतली, मान हलवली आणि चमचा माझ्या ताटाकडे वळवून भुवया उंचावल्या.

लेक मराठीत कुजबुजली, "आई, पणजी बघतेय."

"बघू दे," मी म्हटलं, आणि ताट पुढे केलं.